उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न

"बाई, माझी जोडीदारीण आज आली नाही. मी कुणाशी बोलू?" मागच्या बाकावरची मुलगी उभी राहून विचारत होती.

बाकी वर्ग जोड्या करून बसला होता, एका धर्माचं मूल दुसऱ्या धर्माच्या मुलासमोर. मैदानात पोरांची देवावरून हाणामारी झाली, तेव्हा मुख्याध्यापकांनी हा तास सुरू केला आणि भूगोलाच्या बाईंच्या गळ्यात मारला. बाईंनी मात्र तो मनावर घेतला. नियम त्यांचाच होता: ज्याचं उत्तर आपण आधीच ठरवलंय, तो प्रश्न विचारायचा नाही. तो प्रश्न नसतो, चिमटा असतो, असं त्या सांगायच्या. पहिल्या दिवशी पोरं गप्पच बसली, कारण चिमट्यांखेरीज कुणाकडे काही नव्हतंच. आता मात्र तास संपला तरी उठायला मागत नसत.

"माझ्याशी बोल," म्हणत बाई तिच्यासमोर बसल्या आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी लग्न करताना जो धर्म घेतला, त्याच धर्माची ही मुलगी होती.

मुलगा दूरच्या शहरात राहायचा. घरात त्याचे वडील त्याचं नाव काढू देत नसत, म्हणून बाई शाळेतूनच फोन करायच्या. दर वेळी गाडी तिथेच यायची. आम्ही काय कमी केलं होतं तुला? आईबाप आठवतात तरी का? मग तो "ठेवतो आई" म्हणायचा. गेले काही महिने त्यांनी फोनच केला नव्हता, पण जीव सगळा तिकडेच होता.

"विचारा ना, बाई."

बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे सकाळी उठल्या उठल्या काय करतात?"

मुलगी खुलली. अंधार असतानाच उठायचं, गार पाण्याने हातपाय धुवायचे आणि सगळ्यांनी मिळून प्रार्थनेला बसायचं. तिचे काका, म्हणजे मावशीचे यजमान, लग्नानंतर या धर्मात आले, तेव्हा त्यांची पार तारांबळ उडायची. बसल्या बसल्या डुलक्या घ्यायचे, आणि आजी त्यांना कोपराने ढोसायची.

बाईंना हसू आलं. त्यांचं पोरही असंच झोपाळू. "मग आजी रागावायची का गं?"

"छे! उलट देवालाच सांगायची, पोर दमलंय, सांभाळून घे."

बाईंचे डोळे भरून आले. तिकडेही कुणी आपल्या पोराला असं सांभाळून घेत असेल, याचं त्यांना बरं वाटलं. ते कुणीतरी आपण नाही, याचं फार वाईट वाटलं.

"आता मी विचारते," मुलगी हळूच म्हणाली. "हे तुम्ही कुणासाठी विचारलंत?"

"माझ्या मुलासाठी," बाई म्हणाल्या. शाळेत हे त्यांनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

तास सुटल्यावर त्यांनी शिक्षकांच्या खोलीत जाऊन फोन लावला. पलीकडून बेताचंच "बोल आई" आलं.

"पहाटे जाग येते का रे तुला?"

"नाही येत," तो म्हणाला. "ही हलवून हलवून थकते."

"आणि पाणी? गार असतं?"

"फार गार असतं गं, आई."

बाईंनी पदराने डोळे पुसले.

"तिला म्हणावं, नुसतं हलवू नकोस. तळपाय चोळले की उठतोस तू."