शेवटची चाळीस पानं

दस्तगीरच्या दुकानातून पुस्तक घ्यायचं म्हणजे आधी घरी न्यायचं, वाचायचं आणि पटलं तर पैसे द्यायचे. मंगळवार पेठेत हा उलटा धंदा तीस वर्षं चालला आणि बुडाला नाही, हे नवलच. पुढे गिऱ्हाईक आटलं तेव्हा त्याच्या मुलीने, अरीबाने, कंबर कसली. चार महिने खपून तिने एकेका पुस्तकाचा फोटो काढला आणि दुकान एका विक्रीच्या साइटवर चढवलं. नव्या पुस्तकांत मोठ्यांशी टक्कर देता येत नाही, दुकान तगलं तर दुसरीकडे न मिळणाऱ्या जुन्या पुस्तकांवरच, हे पोरीने बरोबर हेरलं होतं. नागपूर-नांदेडपर्यंत पार्सलं जाऊ लागली.

घोळ एवढाच, की फोटोतलं पुस्तक दुकानात असेलच असं नव्हतं. ते कुणाच्या तरी उशाशी असायचं. दोन ऑर्डरी त्यापायी रद्द कराव्या लागल्या. तिसरी रद्द झाली तर तुमचं दुकान काढून टाकू, असं साइटवाल्यांनी कळवलं. आता एकही पुस्तक घरी द्यायचं नाही, असं अरीबाने बापाला बजावलं. त्याने मान डोलावली. मान डोलवायला काय जातं?

सोमवारी ऑर्डर आली ती नेमकी बावड्याच्या आक्कांनी नेलेल्या कादंबरीची. एकच प्रत, पुन्हा कधी छापली नाही. पार्सल न्यायला माणूस पाचला येणार होता. दस्तगीरने गाडीला किक मारली आणि कसबा बावडा गाठला.

आक्का त्याच्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. त्यांचा नवरा ज्ञानू जन्मभर बैलगाडीने कारखान्याला ऊस ओढत आला, आता त्याचे डोळे गेले होते. रोज तिन्हीसांजेला आक्का त्याला वाचून दाखवायच्या. या कादंबरीत एका गाडीवानाचा बैल भर बाजारातून चोरीला गेला होता आणि तो त्याला शोधत गावोगाव हिंडत होता.

"चाळीस पानं राहिलीत बघ," आक्का म्हणाल्या. "ह्यांचा निम्मा जीव त्या बैलात हाय. दोन दिस थांब की."

"आक्का, आज न्हाय नेलं तर पोरीची चार महिन्यांची मेहनत पाण्यात जाईल."

आतल्या खोलीत ज्ञानू झोपला होता. आक्कांनी खुणेला घातलेला दोरा काढून घेतला आणि पुस्तक दिलं. दस्तगीरला चोरी करून निघाल्यागत वाटलं. तीस वर्षांत दिलेलं पुस्तक त्याने कधी परत मागितलं नव्हतं.

वाटेत त्याला सुचलं आणि त्याने शेवटची चाळीस पानं झेरॉक्स करून घेतली. तिथेच उभ्या उभ्या शेवटचं पान वाचलं. बैल सापडत नव्हता. गाडीवान रिकामं दावं घेऊन घरी परतला होता. पाचला पार्सल गेलं. आक्कांना फोन करून पानांचं सांगावं, असं दहादा मनात आलं, पण फोन करायला तोंड कुठं होतं? सकाळी पानंच नेऊन देऊ म्हणत त्याने दिवस ढकलला.

सकाळी आक्का सोप्यात बसल्या होत्या. पानं बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"आता कशाला आणलीस? काल सांजेला हे वाट बघत बसलं. तू पुस्तक नेलंस म्हणून सांगवंना मला. मग पानांचा आवाज व्हावा म्हणून पंचांग धरलं हातात, आणि मनानंच वाचलं. बैल घावला म्हणून सांगितलंय. ही पानं घरात नगंत."

दस्तगीर पानं पिशवीत कोंबत होता, तोवर आतून ज्ञानूची हाक आली.

"दस्तगीर का रं? लई ग्वाड शेवट केलाय लिवणाऱ्यानं. ते पुस्तक कुणाला इकू नगंस, दुकानात ठिव. पुन्यांदा वाचाय आणायचं हाय."

"व्हय अण्णा," दस्तगीर म्हणाला.