शंभरातली पाच

कपाच्या बुडाला लाल ठिपका – नेलपॉलिशचा, अजून नीट न वाळलेला – बोटाला चिकटला तेव्हा तिला कळलं, हा कप आजपासून तिचा. सासूबाई काही बोलल्या नव्हत्या. ताटाला ठिपका, चमच्याला ठिपका, मोरीतल्या मगाला ठिपका... तिच्या तपासणीत निघालेला हा काविळीचा विषाणू रक्तातून जातो, कपातून नाही, असं डॉक्टरीणबाईंनी त्यांना दोनदा समजावलं होतं आणि दोन्ही वेळा त्यांनी अगदी शहाण्यासारखी मान डोलावली होती.

याच सासूबाईंनी तिला पसंत केलं होतं ते तिच्या स्वच्छतेवर. दातांच्या दवाखान्यात ती अवजारं धुवायची, आठ वर्षं. जाड हातमोजे खिळ्याला लटकत असायचे. पण हातमोज्यातून टोक कळत नाही, टोकाशी कण राहिला तर वाफेच्या पेटीत तो भाजून घट्ट बसतो, म्हणून पेटीत घालण्याआधी ती प्रत्येक टोक उघड्या अंगठ्यावरून फिरवून बघायची. टोचायचं कधीकधी – अंगठा तोंडात, पुढचं अवजार हातात. दातांचे डॉक्टर नव्या मुलींना तिच्याशेजारी उभं करून म्हणायचे, शिका जरा हिच्याकडून. आणि ही मूर्ख बाई फुलून जायची. कोणाचं रक्त होतं ते, कुठल्या वर्षीचं... आठवायला गेलं की चेहरे येत नाहीत, नुसते उघडे जबडे येतात.

सातव्या महिन्याची तपासणी होती. नवरा बरोबर आला, एक खुर्ची सोडून बसला. मागच्या आठवड्यात त्याचा रिपोर्ट चांगला आला तेव्हा त्याने तिच्यासमोरच आईला फोन लावला होता, परीक्षा पास झाल्यासारखा. तो वाईट नव्हता. तो सुटला होता, आणि सुटलेल्या माणसाला आनंद लपवता येत नाही, इतकंच.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सगळं सांगितलं. गोळ्या चांगल्या आहेत, पण बाळंतपणानंतर. पोटात बाळ असताना नाहीत. अंगावर पाजायला हरकत नाही, चीर पडून रक्त आलं तर तेवढे दिवस थांबायचं. बाळाचं पक्कं कळायला दीड वर्ष लागेल. शंभर बाळांमागे साधारण पाच.

"पंच्याण्णव सुटतात, तिकडे बघा ना," त्या म्हणाल्या.

घरी आली तर सासूबाई झबली घडी घालून ठेवत होत्या – स्वतःच्या कपाटात, स्वतःच्या खोलीत. तिने उंबऱ्यातूनच पाहिलं.

"बाळ माझ्यापाशी राहील," त्या वळूनही न बघता म्हणाल्या. "दूध डब्याचं देऊ. तू आधी बरी हो, मग बघू."

"पाजायला चालतं म्हणाल्या त्या."

"चालतं म्हणजे करायलाच हवं असं नाही."

नवरा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, दीड वर्षाचाच तर प्रश्न आहे. दीड वर्षात मूल चालायला लागतं, बोलायला लागतं, कोणाला आई म्हणायचं ते ठरवून टाकतं... हे ती बोलली नाही. बोलली ते भलतंच.

"आणि आई, बाळालाही असलं तर?"

सासूबाईंचा हात थांबला. हातातलं झबलं कपाटात न ठेवता त्यांनी पलंगावर ठेवलं, जरा लांब.

"तर मग तूच बघशील की," त्या म्हणाल्या. आवाज मुळीच चढला नव्हता.

ती आपल्या खोलीत येऊन कुशीवर पडली. बाळ आत वळलं, कोपर की गुडघा कोण जाणे, बरगडीखाली रुतलं. तिने डोळे मिटले आणि शंभर बाळं ओळीने मांडली, उघडीवाघडी, ओरडणारी. पंच्याण्णव अलीकडे. त्यांच्यापाशी सासूबाई पदर खोचून उभ्या, नवरा फोन लावतोय. तिने तिथे आपलं बाळ शोधायला हवं होतं. कुठल्याही आईने आधी तिथेच शोधलं असतं. पण पलीकडे पाच बाळं होती आणि त्यांना उचलायला कोणीच येत नव्हतं. कोणी येणारही नव्हतं. त्यांतलं एक उचललं तर ते कोणी हातातून काढून घेणार नाही, दीड वर्ष नाही, कधीच नाही...

नको, असं म्हणायला तिने तोंड उघडलं. मी कुठे बघतेय हे मला कळत होतं, आणि मी नजर वळवली नाही.