अंगाचा रंग

हौसाने डावा हात लॅपटॉपच्या पडद्याशेजारी धरला आणि मान तिरकी करून आधी हाताकडे, मग पडद्याकडे पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंत रंगाचे सहा पट्टे वाळत होते. सकाळपासून तिने सहा वेळा रंग कालवला होता आणि सहाही वेळा तो पडद्यावरच्या गणपतीशी जुळला नव्हता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिला राग येत होता आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

"ह्यो रंग माझा नाय," ती म्हणाली.

"अगं मावशी, मूर्ती तुझीच आहे. गेल्या वर्षी तूच रंगवलीस. मी फक्त फोटो काढला," नितेश म्हणाला.

मूर्ती तिचीच होती. पेणच्या त्या कारखान्यात सव्वीस वर्षं गणपतीच्या अंगाचा रंग हौसाच कालवत होती. मुकुट, दागिने, पितांबर इतर बायका रंगवत, डोळे आखायला वेगळा माणूस होता, पण अंगाचा रंग निघायचा तो हौसाच्या पातेल्यातून. पांढऱ्यात थोडा पिवळा, चिमूटभर तांबडा, आणि शेवटी जे काही पडायचं ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. ओल्या रंगावर तिचा विश्वास नव्हता. हातावर एक पट्टा ओढायचा, दारात उजेडात जाऊन तो वाळेपर्यंत उभं राहायचं, आणि तिने मान हलवली की मगच स्प्रेवाले मशीन सुरू करायचे. तिला कुणी कधी दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं.

ही नजर तिने कुठे शिकून आणलेली नव्हती. तिचं लहानपण खाडीकाठच्या मिठागरावर गेलं होतं. मीठ सकाळी निळसर दिसतं, दुपारी डोळे दिपवतं आणि उन्हं कलली की गुलाबी होतं. एका पांढऱ्यात एवढे रंग बघत वाढलेल्या पोरीला हैबतरावशेठनी कारखान्यात माती मळायला घेतलं, आणि एकदा रंगारी आला नाही म्हणून नाइलाजाने पातेलं तिच्या पुढ्यात सरकवलं. त्या दिवसापासून ते तिथून हललं नाही.

आता हैबतरावांचं अर्धं अंग लुळं पडलं होतं आणि कारखाना मुलगा बघत होता. बाकीचे त्याला शेठ म्हणू लागले. हौसाने त्याचा शेंबूड पुसलेला होता, त्यामुळे ती नितेशच म्हणत राहिली. ते त्याला फारसं रुचत नसे, पण तसं बोलून दाखवण्याइतका तो धीट नव्हता.

जानेवारीत त्याने लॅपटॉप घेतला. मूर्तींचे फोटो त्यावर फिके दिसतात, म्हणून कुठलासा व्हिडिओ बघून त्याने पडद्याच्या रंगांच्या सेटिंगमध्ये तासभर बोटं घातली. हे वाढव, ते गडद कर, पडद्याला थोडी पिवळी झाक दे, असं करत करत गणपती असा काही झळकला की त्याने सगळ्या कारखान्याला बोलावून दाखवलं. मग त्याच मूर्तींचे फोटो त्याने रोह्यापासून महाडपर्यंतच्या दुकानदारांना पाठवले, आणि ऑर्डरी आल्या. आता दुकानदारांनी जो रंग बघितला तोच द्यायला हवा, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते ऐकायला काही चुकीचं वाटत नव्हतं.

हौसाची वेगळीच पंचाईत होती. पडदा जरा मागे केला की गणपती फिका पडायचा, पुढे ओढला की काळवंडायचा. मूर्ती असं कधी करत नाही. ह्यातला कुठला रंग धरू, असं तिने विचारलं, तेव्हा नितेशने स्टूल सरकवलं, त्याच्या चार पायांभोवती जमिनीवर खडूने खुणा केल्या आणि इथे बसून दिसतो तोच धर, म्हणून सांगितलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. हौसाही हसली. सातवा पट्टा जुळला.

सवयीने ती तो पट्टा घेऊन दारात गेली. उजेडात वाळल्यावर तो कावीळ झालेल्या माणसासारखा दिसू लागला.

"नितेश, देव आजारी दिसतोय रे."

"गिऱ्हाइकाने हाच बघितलाय, मावशी. तू आता तुझ्या मनाचं नको लावू."

तिने नाही लावलं. त्या पातेल्यात तो रंग कालवताना तिचा हात जड झाला होता, पण कारखाना त्याचा, देव गिऱ्हाइकाचा, आणि आपण कामाला. पुढचे तीन आठवडे तिने दोनशे गणपतींना पुरेल एवढा तोच रंग कालवला, आणि रोज खडूच्या खुणांमध्ये बसून तो पडद्याशी ताडून पाहिला. दोनशे मूर्तींत तसूभर फरक पडू दिला नाही. काम वाईट होतं, पण तेही तिने मन लावून केलं.

जुलैच्या अखेरीला रोह्याच्या दुकानदाराचा, पोपटशेठचा, टेंपो परत आला. कापडं बांधलेले गणपती जसेच्या तसे आत होते. पोपटशेठ ड्रायव्हरशेजारून उतरला आणि सरळ कारखान्याच्या मधोमध येऊन त्याने मोबाइल नितेशच्या डोळ्यांसमोर धरला. हा फोटो तुमचाच ना, असं त्याने विचारलं, आणि एका मूर्तीवरचं कापड ओढून काढलं. मोबाइलमधला गणपती मऊ, गुलाबी झाक असलेला. समोरचा पिवळट. दोघांचं एकमेकांशी काही नातं नव्हतं.

नितेश दोन्हीकडे बघत राहिला. त्याचा चेहरा उतरला. मग त्याने वळून हौसाकडे पाहिलं.

"मावशी, डोळे तपासलेस का कधी?"

सगळ्यांचे ब्रश थांबले. तू बसवून जुळवून घेतलास, तूच खुणा केल्यास, असं तिच्या तोंडापर्यंत आलं होतं. पण तिथेच अडकलं, कारण पोपटशेठच्या मोबाइलमधला रंग तिलाही दिसला होता आणि तो तिचाच होता. मग आपल्याला पडद्यावर दिसला तो कुठला? त्या क्षणी तिने स्वतःवरच संशय घेतला, आणि पुढे कितीतरी दिवस तिला नितेशपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला तो त्यासाठी. त्या संध्याकाळी आपल्या गावी, जित्याला, परत जाताना मिनीडोर रिक्षात बसून तिने आधी एक डोळा झाकला, मग दुसरा, आणि रस्त्याकडेच्या भाताचा हिरवा दोन्हींनी ताडून पाहिला. घरी नवऱ्याने, काळुरामने, काय झालं म्हणून विचारलं, तर डोळ्यात कचरा गेला म्हणाली.

चार दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत मनालीने तिला हळूच आत बोलावलं. मनाली ऑर्डरी घ्यायला ठेवलेली मुलगी, पेणचीच. तिने लॅपटॉपवर तोच फोटो उघडला आणि त्याच्याशेजारी आपला मोबाइल धरला.

"मावशी, फोटो एकच हाय. फोटोला काय नाय झालं. शेठने पडद्याचे रंग बदललेत. त्यांना वाटलं फोटोच बदलला. पण पाठवला तो होता तसाच गेला. तिकडे सगळ्यांना बरोबर दिसला, फक्त हितंच..."

एवढ्यात नितेश आत आला. मनाली दचकली, पण मोबाइल तिने मागे घेतला नाही. नितेशला समजायला वेळ लागला नाही. तो खुर्चीत बसला, सेटिंग उघडलं आणि एकेक करून सगळं होतं तिथे नेऊ लागला. हौसा त्याच्या खांद्यामागून बघत होती. आधी झगमगाट गेला, मग पिवळी झाक उतरली, आणि पडद्यावर तिचा रंग आला. तिच्या पातेल्यातला, तिच्या हातावरचा. हौसाला इतका आनंद झाला की ती स्टुलावर बसलीच आणि पदराने डोळे पुसू लागली.

"माझे डोळे बरे हाईत," ती म्हणाली.

"हो गं. सेटिंगचा घोळ झाला. जाऊ दे आता."

"मग सांग की. सगळ्यांच्यात बोललास, सगळ्यांच्यात सांग."

नितेशने लॅपटॉप मिटला. बघू म्हणाला. पोपटशेठला आणि बाकीच्या दोघा दुकानदारांना त्याने आधीच कळवलं होतं, की जुनी रंगारीण आहे, नजर गेली तिची, पुढच्या वर्षी असं होणार नाही. ते फिरवायचं तर मालकाला साधा फोटो बघता येत नाही असं झालं असतं. हे त्याने तिला बऱ्यापैकी गोड शब्दांत समजावलं. मनाली मान खाली घालून ऑर्डरींची वही चाळत होती. तिलाही नोकरी हवी होती, आणि हौसाने तिला कधी बोल लावला नाही.

हौसा वाट बघत राहिली. रोज यायची, रंग कालवायची, आणि आज सांगेल, उद्या सांगेल असं मनाशी म्हणायची. पाचव्या दिवशी नितेशने सांगितलं ते निराळंच. इथून पुढे कालवलेला रंग पिंकीला दाखवून घ्यायचा. पिंकी वर्षापूर्वी मुकुटांना सोनेरी लावायला आली होती. ती बिचारी पातेल्यात डोकावली, लाजली आणि चांगलाय की मावशी, असं पुटपुटली.

हौसा उठून मागच्या घरात हैबतरावांकडे गेली. ते खिडकीशी खुर्चीत बसून असत. तिने सगळं सांगितलं आणि त्यांनी सगळं ऐकलं. बोलताना त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं जायचं, म्हणून ते थांबत थांबत बोलले.

"तुझा रंग बरोबर, हौसा. मला माहीत आहे. मूर्ती परत आल्या तेव्हाच मला माहीत होतं. पण पोराला अजून हा कारखाना चालवायचाय. एवढं तू पोटात घाल."

"घातलं असतं, शेठ. पिंकीला दाखवायला लावलं नसतं तर घातलंच होतं."

ते खिडकीबाहेर बघू लागले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते तिच्या काही उपयोगाचं नव्हतं. हौसाने पातेलं घासलं, हात कोपरापर्यंत धुतले आणि भर दुपारी घरी निघाली. दारापर्यंत पोचवायला कुणी आलं नाही. सगळ्या कामात होत्या.

गणपतीला ती लेकीकडे, रोह्याजवळच्या अष्टमी गावी गेली. दरवर्षी दिपिकाच्या घरचा गणपती हौसाच कारखान्यातून आणायची, कापडात गुंडाळून, मांडीवर घेऊन. यंदा ते झालं नाही. जावई विशाल कंपनीत शिफ्टला असतो, त्याला ऐन वेळी कोलाडला रस्त्यावरच्या मंडपात एक मूर्ती बरी मिळाली, असं दिपिका फोनवर म्हणाली होती. हौसाने चप्पल काढली, उंबरा ओलांडला, समोर मखराकडे पाहिलं आणि जागच्या जागी उभी राहिली.

परत आलेले गणपती नितेशने कुठे खपवले, ते तिला तेव्हा कळलं.

तिने हात जोडले. मूर्तीला कुंकू वाहिलं, दूर्वा वाहिल्या, डोकं टेकलं. त्यात देवाचा काय दोष. दिपिकाला मात्र आईचा चेहरा बघून शंका आली, स्वयंपाकघरात तिने खोदून विचारलं आणि हौसाने दोन वाक्यांत सांगून टाकलं. दिपिका रडायला लागली. ह्यांना सांगू नको, आई, त्यांनी हौसेने आणलाय, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. हौसाने तिला पाणी दिलं आणि खोबरं किसायला घेतलं.

संध्याकाळच्या आरतीला शेजारपाजार जमला. विशालचे कंपनीतले दोघे-तिघे बायकापोरांसह आले होते. आरती झाली, टाळ खाली ठेवले गेले, आणि शेजारच्या मालूताई मखराजवळ वाकून निरखून बघू लागल्या. त्यांना काही मनात ठेवायची सवय नव्हती.

"गो बाय, ह्यो रंग कसला म्हणायचा? देवाला कावीळ झालेली दिसते. कुणी रंगवला ह्यो?"

दोघंतिघं हसले. विशाल कानकोंडा होऊन कोलाडच्या मंडपाबद्दल काही सांगू लागला. दिपिकाने आईकडे पाहिलं आणि नको म्हणून डोळ्यांनी खुणावलं.

हौसा खिरापतीचं ताट घेऊन उभी होती. सव्वीस वर्षांत तिच्या रंगाचे हजारो गणपती पेणहून बाहेर पडले होते. पनवेलला, पुण्याला, परदेशातसुद्धा. लोकांनी त्यांच्यापुढे हात जोडले, फोटो काढले, किती सात्त्विक चेहरा आहे म्हणून कौतुकं केली. पण हा कुणी रंगवला, असं कुणी विचारल्याचं तिने एकदाही ऐकलं नव्हतं. आज पहिल्यांदा विचारलं गेलं. तिला लॅपटॉपबद्दल सांगता आलं असतं, खडूच्या खुणांबद्दल सांगता आलं असतं. खोलीभर माणसं गप्प बसून ऐकतील एवढी मोठी ती गोष्ट नव्हती, आणि जिथे ती सांगायला हवी होती तिथे कुणी सांगितली नव्हती.

"मी," हौसा म्हणाली. "मी रंगवलाय."

हसणं थांबलं. दिपिकाने मान खाली घातली. मालूताई गडबडल्या, बाकी मूर्ती मोठी सुबक आहे हो, असं काहीतरी म्हणाल्या आणि प्रसादासाठी हात पुढे केला. हौसाने त्यांच्या तळहातावर खिरापत ठेवली आणि ताट घेऊन पुढच्या माणसाकडे गेली.