माझे तिखट कान

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे, पण माझे कान अजून तिखट आहेत. आईच्या पोटावर पट्ट्याने माझी चकती बांधली, की आतल्या बाळाचे ठोके मी ऐकतो, आकडा दाखवतो आणि कागदावर रेघ काढतो. प्रसूतिगृहात मला लाडाने ‘टकटक्या’ म्हणत.

कारखान्यातून नवाकोरा आलो तेव्हा काय माझा थाट! बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंना माझी टकटक ऐकू गेली, की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. कौतुकाने मी पार शेफारलो. खोटं कशाला बोलू?

एका दुपारी एक पहिलटकरीण आली. कळांनी बिचारी हैराण झाली होती. एक जोराची कळ आली, ती कुशीवर वळली आणि माझी चकती सरकली. टकटक क्षणभर थांबली, पुन्हा सुरू झाली. एकशे वीस.

“बाळ बरं आहे ना हो?” तिने विचारलं.

“अगदी छान! हे बघा ना, एकशे वीस,” नवी सिस्टर म्हणाली. मीही ऐटीत टकटकत राहिलो.

तेवढ्यात मोठ्या सिस्टर आल्या. माझ्याकडे बघण्याआधी आईचं मनगट धरायची त्यांची सवय. मला त्या सवयीचा भारी राग यायचा. त्यांनी नाडी मोजली, माझा आकडा पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला.

“अगं, नाडीही एकशे वीसच! हा आईचेच ठोके मोजतोय. मग बाळाचे कुठे गेले?”

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चकती खाली सरकवत त्यांनी बाळ शोधलं. अवघे सत्तर, हवे होते निदान एकशे दहा! बाळ दमलं होतं.

“डॉक्टरांना बोलाव, पळ!”

डॉक्टर धावत आले. थोड्याच वेळात बाळ बाहेर आलं, पण रडेना. मोठ्या सिस्टर त्याची पाठ चोळत राहिल्या, “रड रे राजा, रड.” आणि मग ते असं काही रडलं, की त्यांनाच डोळे पुसावे लागले.

आता मी शिकाऊ सिस्टरांच्या वर्गात असतो. पट्टा उसवलाय, कागद अडकतो. तेव्हाची नवी सिस्टर इथे शिकवते. मला सुरू करण्याआधी ती रोज बजावते, “आधी मनगट धरा.” मला आता राग येत नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, पट्टा शिवा. पण मी आकडा दाखवतोय म्हणून आईचा हात सोडू नका.