दोन बोटं सैल

धाकटीला शहर दाखवण्याचं काम हवं होतं. पाहुण्यांना घेऊन गल्लीबोळांतून हिंडायचं, घड्याळाच्या मनोऱ्याची, जुन्या पुलाची गोष्ट सांगायची. मागच्या हिवाळ्यात चाचणीला अर्ध्या वाटेवरच तिचे ओठ आखडले, गोष्ट घशातच गोठली. कार्यालयातल्या बाईंनी तिला परत पाठवलं. उद्या पुन्हा चाचणी होती, आणि बाहेर तशीच हाडं फोडणारी थंडी.

थोरली शिवणकाम करायची. तिच्या हातचा कपडा असा बसायचा, जणू अंगातूनच उगवलाय. "यंदा तुला अशी सजवते, की थंडीनंच वाट सोडावी," ती म्हणाली.

आत पातळ लोकरीचा सदरा, सदऱ्यावर स्वेटर, स्वेटरवर जाकीट, जाकिटावर गर्द निळा कोट. एकूण एक कपडा तिनं कमरेत आत घेतला, खांद्यात घेतला, बाह्यांत घेतला. गळ्याशी मोहरीच्या फुलासारखा पिवळा मफलर. आरशात धाकटी शेंगेसारखी सडसडीत दिसली.

"ताई, श्वास घेतला तर चालेल ना?"

"बेताबेतानं घे."

"हिला आज उभ्यानंच झोपू दे," थोरलीचा नवरा, भावजी, दारातून म्हणाले. "वाकली की टाके उडतील."

तालीम म्हणून धाकटी पुलापर्यंत जाऊन आली. आली ती काळीनिळी पडून. "ता... ताई..." पुढचं सगळं दातांनीच वाजवलं.

थोरलीनं घाईघाईनं आणखी एक जाकीट काढलं, ते चढेना. मोज्यावर मोजा चढवला, तर पाय बुटात जाईना.

"मी नाही जात उद्या," धाकटी म्हणाली. डोळे भरून आले होते.

थोरली तिचे कपडे उतरवायला लागली. एकेक थर सालीसारखा सोलावा लागला. खाली दंडावर, खांद्यावर शिवणींचे लाल वळ उठले होते. थोरलीचं बोट त्या वळांवर थबकलं.

"अगं बाई! ऊब राहील कुठं? मी तिला बसायला जागाच ठेवली नाही."

"म्हणजे पाहुणीला दारातच ताटकळत ठेवलंस," भावजी म्हणाले.

"तुम्ही तो दिवा जरा जवळ धरा, आणि गप्प बसा."

आपल्याच हातच्या देखण्या शिवणी उसवताना तिचा जीव तुटत होता, तरी कात्री थांबली नाही. सदरा तेवढा अंगालगत राहिला. स्वेटर मोकळा झाला, कोट त्याहून मोकळा, खांद्याशी दोन बोटं सैल. जाकीट गेलं कपाटात. मोजा एकच, पण जाड. कोट ढगळ वाटू नये म्हणून मागं कमरेशी एक रुंद पट्टा टाचला. निळ्यावर निळा, दिसेल न दिसेलसा.

दुसऱ्या दिवशी थोरली मशीनवर बसली, पण सुईत दोरा जाईना. मग जिन्यात पावलांच्या आधी आवाज आला.

"...मनोरा झाला, पूल झाला, मी आपली बोलतेय, बोलतेय! शेवटी त्या बाईच म्हणाल्या, पुरे गं, माझं नाक गळून पडेल, सोमवारपासून ये कामाला! आणि ताई, कोट कुणी शिवला म्हणून विचारत होत्या."

"मग?"

"म्हटलं, ती फार कामात असते."

थोरलीला हसू फुटलं, हुंदकाही. तिनं कोटाखालून धाकटीच्या पाठीवर हात सरकवला. पाठ कोवळ्या उन्हात ठेवलेल्या उशीसारखी ऊबदार होती.

"ई! बर्फासारखा हात तुझा, काढ आधी!" धाकटी किंचाळली.

थोरलीनं तो तसाच राहू दिला.