विकतचा पलंगपोस

"फारच छान झालाय गं मावशी," भाची म्हणाली आणि म्हणता म्हणता तिने पलंगपोसाचं टोक उलटून पाहिलं.

मावशी खूश झाली. काम जाणणारं माणूस आधी उलटी बाजूच बघतं. एकतीस वर्षं तिने एका शिंप्याच्या दुकानात हातशिलाईचं काम केलं होतं. काजं करायची, अस्तरं लावायची, कडा दुमडून हेम घालायची. यंत्रावर बसणारे वेगळे, मावशी खिडकीपाशी सुई घेऊन बसायची. दुकानाचे मास्तर नव्या गिऱ्हाइकापुढे कोट आतून उलटा करून ठेवत आणि काही न बोलता बाजूला होत. गिऱ्हाईक टाके शोधत राही. त्याला ते सापडायचे नाहीत आणि तिकडे खिडकीपाशी मावशी मान वर न करता पुढचं काज करत असायची. तेवढ्यावर तिचा दिवस चांगला जायचा.

भाचीने टोक सोडलं, दुसरं उचललं. मग जरा घुटमळून म्हणाली, "पण राग मानू नकोस हं. हा मशीनवरचा वाटतो."

"मशीनवरचा?"

"म्हणजे सगळं इतकं सरळ आहे ना. एकसारखं. मला कसं, हातचं वाटेल असं हवं होतं."

"हातचंच आहे."

"ते मला माहीत आहे गं. पण वाटत नाही ना बघणाऱ्याला."

भाचीने सोडलेलं टोक मावशीने सारखं केलं. चार महिने ती सकाळच्या उजेडात गॅलरीत बसून तो पलंगपोस शिवत होती. दुपारनंतर डोळे चालत नाहीत, म्हणून सकाळीच. भाचीनेच पिशवी भरून जुने कपडे आणून दिले होते: जावयाचे विटलेले शर्ट, तिचे दोन फ्रॉक, एक चौकटीचं टेबलक्लॉथ. मावशीने ते धुतले, इस्त्री केली, पुठ्ठ्याचा साचा ठेवून चौकोन कापले, मापात जोडले आणि वर धावदोऱ्याच्या ओळी घातल्या. बोटाच्या एका पेरात नऊ टाके. पहिल्या ओळीतही नऊ आणि शेवटच्या ओळीतही नऊ.

भाचीचं म्हणणं तिच्या बाजूने बरोबर असेलही. तिने आणि नवऱ्याने शहराबाहेर एक जुनं बैठं घर घेतलं होतं आणि सगळे पैसे ते घेण्यातच संपले होते. मग तिने ठरवलं की घर गावाकडच्या घरासारखं सजवायचं, विकत काही आणायचं नाही, सगळं हाताने करायचं. फळवाल्याकडच्या लाकडी खोक्यांची तिने पुस्तकांची मांडणी केली. मुरंब्याच्या रिकाम्या बरण्यांत दिवे बसवले. रंगाऱ्याची मोडकी शिडी भिंतीला टेकवून तिच्यावर टॉवेल टांगले. धान्याच्या पोत्यांचे पडदे शिवले, तेही बरे दिसत होते, नाही असं नाही. इथवर मावशीला सगळं पटलं होतं. आयुष्यात तिने चिंधीसुद्धा फेकली नव्हती.

पण जावई दाराला निळा रंग लावून, तो वाळल्यावर काचकागदाने कोपऱ्यांवर खरवडत बसला होता, ते पाहून तिने न राहवून विचारलं होतं, "रंग खराब लागला का?"

"नाही मावशी. जुना दिसायला पाहिजे."

"जुनाच होता की. मग नवा कशाला लावला?"

जावई हसला आणि खरवडत राहिला. गावाकडे लोक दारं खरवडत नाहीत, जमेल तेव्हा नवा रंग देतात, हे मावशीच्या ओठांवर आलं होतं. पण जावयाला किती बोलायचं.

आता भाचीने मोबाईलवर एक फोटो शोधून तिच्यापुढे धरला. त्यातल्या पलंगपोसावर लाल सुतळीएवढ्या दोऱ्याचे टाके होते, एक बोटभर, दुसरा तांदळाएवढा, तिसरा वाट चुकलेला.

"असं," भाची म्हणाली.

"ही बाई आमच्या दुकानात दुपारच्या चहापर्यंत टिकली नसती."

"मावशी, दोन-तीन ओळीच फक्त. जाड दोऱ्याने. जरा वाकड्या. देशील ना घालून?"

मावशी पलंगपोस घेऊन घरी आली. रागाने तिचं डोकं ठणकत होतं. तरी पोरीची हौस म्हणून तिने दुसऱ्या दिवशी जाड लाल दोरा ओवला, बोटात अंगुस्तान चढवलं आणि वाकडं शिवायला बसली. चार टाके मोठ्या कष्टाने वाकडे घातले. पाचवा सरळ पडला. सहावा, सातवा, आठवा त्याच्या पाठोपाठ गुमान रांगेत. तिने ओळ उसवली, पुन्हा घातली. हात आपोआप रेषेवर येत होता. चष्मा काढून पाहिला, डाव्या हाताने शिवून पाहिलं, तर तेही पहिल्या बोटभर अंतरानंतर सुधारलं. शेवटी तिने सगळा लाल दोरा उपसून काढला.

"एवढं साधं जमत नाही होय तुला?" काका पेपरामागून म्हणाले. काका म्हणजे मावशीचे यजमान. वीज कंपनीत घरोघरी मीटर वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता आणि निवृत्तीनंतर ते घरातल्या घरात सगळ्यांची रीडिंग घेत असत.

"तुम्ही बोलू नका."

"मी कुठे बोलतोय."

आठवड्याने भाची पलंगपोस न्यायला आली. तो होता तसाच पाहून तिचा चेहरा जरा पडला. तेवढ्यात तिची नजर दारामागे टांगलेल्या काकांच्या पिशवीवर गेली. पिशवीचा तुटलेला बंद काकांनी स्वतःच पांढऱ्या सुतळीने जोडला होता. मावशी चार महिने पलंगपोसात बुडालेली, तिला सांगायची त्यांची छाती झाली नव्हती. ते जोडकाम म्हणजे एखाद्या प्राण्याने चावून सोडल्यासारखं दिसत होतं.

"काका, हे कुणी शिवलं?"

"मीच. हसू नकोस."

"काका," भाची पिशवी हातात घेऊन म्हणाली, "अगदी हेच. मला अगदी हेच हवंय."

असं करून चार उशांच्या अभ्र्यांचं काम काकांकडे आलं. प्रत्येकावर एक बदक काढायचं होतं. काका जीभ दातांत धरून शिवायला बसले. दोन दिवसांत त्यांची तीन बोटं टोचून निघाली आणि पहिल्या बदकाला मान आली ती शेपटीच्या जागी.

"अगं, जरा नेढ्यात दोरा घालून देतेस?"

"हातचं काम आहे ना तुमचं? मग दोराही तुमच्याच हाताने जाऊ दे."

भाची मात्र ती बदकं बघून हरखून गेली. पलंगपोसही तिने नेला, "असू दे, पलंगाला काहीतरी लागेलच" असं म्हणून. ते 'काहीतरी' मावशीने गिळलं.

मग घर बघायला बोलावणं झालं. भाचीने चार शेजारी आणि ऑफिसातल्या मॅडमना चहाला बोलावलं होतं. मॅडम तिच्या वरिष्ठ, आणि अशा घरांच्या मोठ्या जाणकार म्हणून नाव असलेल्या. भाची सकाळपासून बरण्या पुसत होती. मावशी स्वयंपाकघरात चहा गाळत होती. तिथून झोपायच्या खोलीचं अर्धं दार दिसायचं. पाहुण्यांनी आपापल्या पिशव्या आणि पर्स पलंगावर टाकल्या होत्या, थेट पलंगपोसावर. एका पिशवीतून ओली छत्री डोकावत होती.

"या उशा कुणी केल्या?" मॅडमचा आवाज आला.

"माझ्या काकांनी."

"काय सुंदर. बघा, प्रत्येक टाक्यात माणूस दिसतो."

माणूस दिसतो, मावशीच्या मनात आलं, आणि त्याला शिवता येत नाही हेही दिसतं. तिने गाळणीतली चहापत्ती जरा जास्तच जोराने झटकली. बाहेर काका संकोचून काहीतरी पुटपुटले, पण त्यांना आवडलं होतं. अडतीस वर्षांच्या संसारानंतर आवाजावरून एवढं कळतंच.

ती ट्रे घेऊन दारात आली, तेव्हा मॅडम पलंगाशी वाकल्या होत्या. त्यांनी एक पर्स सरकवून पलंगपोसावरून बोट फिरवलं, आणि हसत हसत भाचीकडे पाहिलं.

"हा मात्र मशीनचा आहे हं. पकडलं तुम्हाला. सगळं हातचं म्हणालात ना?"

बाकीचेही हसले. भाचीने मावशीला पाहिलं नव्हतं. ती क्षणभर थांबली. त्या क्षणात तिच्या बरण्या, खोकी, पोत्यांचे पडदे, सगळ्यांवर कुणी बोट ठेवतंय असं तिला वाटलं असावं.

"हो," ती म्हणाली, "तो एवढा एक विकतचा आहे. बाकी सगळं घरी केलंय."

मावशीने ट्रे खोक्यांच्या मांडणीवर ठेवला. पलंगाशी गेली. एकेक पर्स आणि पिशवी उचलून खुर्चीवर नेऊन ठेवली, छत्रीची पिशवी जमिनीवर ठेवली. मॅडम बाजूला सरल्या. मावशीने पलंगपोस ओढला, झटकला आणि घडी घालायला लागली.

"मावशी, काय करतेस?"

"विकतचा आहे ना? दुकानात परत करून येते."

मावशी घडी छातीशी धरून बाहेरच्या निळ्या दारापर्यंत गेली. भाची मागोमाग धावली आणि दबक्या आवाजात बोलायला लागली.

"मी काय करणार होते? त्या हसत होत्या."

"हसू द्यायचं होतं."

"खरं सांगितलं असतं तरी त्यांचा विश्वास बसला नसता."

"नसता बसला. ती त्यांची अडचण. तू कशाला खोटं बोललीस? माझ्या बोटांचं काम आणि मी जिवंतपणी आत चहा गाळतेय, तोवर तू ते दुकानात नेऊन ठेवलंस? काकांच्या बदकांना काका आहेत आणि मला कुणी नाही?"

भाचीने पलंगपोसाचं लोंबणारं टोक घडीत खोचलं.

"जा, आत जाऊन सांग," मावशी म्हणाली. "मी इथे उभी आहे."

भाची आत गेली. मावशीला दारातून सगळं ऐकू येत होतं.

"मॅडम, तो पलंगपोस माझ्या मावशीने शिवलाय. हाताने."

"अहो, एवढं मनाला लावून घेऊ नका. आम्हीही आणतोच की दुकानातून. हल्ली तर मशीनवर हातच्यासारखे टाके घालून मिळतात."

"मावशीकडे मशीन नाहीये."

"बरं बरं," मॅडम म्हणाल्या, लहान पोराच्या थापेला म्हणावं तसं, अगदी मायेने.

त्या 'बरं बरं'ने भाचीला काय झालं कोण जाणे. तिचा आवाज एकदम बदलला. "बरं बरं नाही, मॅडम. चार महिने लागलेत त्याला. मीच तिला म्हटलं होतं की वाकडं शिव, म्हणजे हातचं वाटेल. तिला वाकडं शिवता येत नाही. तिने प्रयत्न केला, तिला येत नाही. आणि तुम्हाला सरळ शिवलेलं ओळखता येत नाही."

मग काकांचा आवाज आला. "मला वाकडं येतं. पण त्यात विशेष काही नाही. सरळ येत नाही म्हणून ते येतं."

मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि कुठे तरी जायचं आहे असं काहीतरी म्हणाल्या. चहा तसाच राहिला.

भाची परत दाराशी आली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. "आता तरी ठेव ना."

"नाही."

"सगळ्यांदेखत सांगितलं मी. सोमवारी ऑफिसात माझं काय होईल ते होईल."

"सांगितलंस. ऐकलं मी. चांगलं सांगितलंस."

"मग?"

"मग काही नाही. राग गेला की बघू. माझा अजून गेलेला नाही." आणि काकांना हाक मारून ती चालायला लागली.

घरी पोचेपर्यंत दोघं बोलली नाहीत. काकांनी दोनदा घडी धरायला हात पुढे केला, तिने दिली नाही. घरी आल्या आल्या तिने आपल्या पलंगावर पलंगपोस पसरला. भाचीचा पलंग रुंद, यांचा अरुंद. दोन्ही बाजूंनी हातभर कापड फरशीवर लोळायला लागलं. मावशी ते बघत उभी राहिली. काका आपली टोचलेली बोटं पँटला पुसत शेजारी उभे होते.

"कडा थोड्या कापल्यास तर..." त्यांनी सुरुवात केली आणि तिच्याकडे पाहून वाक्य तिथेच सोडलं. थोड्या वेळाने त्यांनी कपाटातून मोजपट्टी आणली, गुडघे टेकून पलंगाची रुंदी घेतली, मग पलंगपोसाची घेतली.

"पलंगच वाढवू," ते खालूनच म्हणाले. "दोन्हीकडे एकेक फळी ठोकली की झालं."

"तुम्ही ठोकणार?"

"छे. सुताराला बोलावतो."

"बोलवा," मावशी म्हणाली आणि फरशीवरचं टोक उचलून तिने ते झटकलं. "पण सरळ ठोकणारा बघा."