लेक जेवायला बसली

मी जेवणाचं टेबल बोलतोय. अंगभर चरे पडलेत आणि एक पाय जरा आखूड आहे. कोपर टेकलंत तर डुगडुगेन, मनावर घेऊ नका.

एका म्हाताऱ्या सुताराने मला घडवलं. आई-बाबांनी नवा संसार मांडला तेव्हा मी चार खुर्च्या घेऊन इथे आलो. बाबा बस चालवतात, आई शाळेत शिकवते. लेकीने पहिली अक्षरं माझ्यावरच गिरवली. काही तर थेट माझ्या अंगावर!

मोठी झाल्यावर ती धावायला लागली, शर्यती जिंकू लागली. कुणीतरी म्हणालं, थोडी हलकी झालीस तर आणखी जोरात पळशील. तिने ते फारच मनाला लावून घेतलं. येणारेजाणारेही 'किती छान बारीक झालीस' म्हणून कौतुक करायचे. माणसांची ही सवय मला कधी कळलीच नाही. आधी दुसऱ्याचं अंग न्याहाळायचं, मग खुशाली विचारायची.

हळूहळू तिचं ताट जसंच्या तसं परत जायला लागलं. आई रागावली, रडली, शपथा घातल्या. लेक उठून धावायला जायची. मग एक दिवस ती मैदानावर चक्कर येऊन पडली आणि कित्येक आठवडे माझी एक बाजू सुनी राहिली.

इस्पितळातून तिला घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, हा हट्ट नाही, आजार आहे. सगळे एकत्र जेवत जा. बाबांनी सकाळची पाळी मागून घेतली. संध्याकाळी ते शब्दकोडं घेऊन तिच्या शेजारी बसायचे. कोड्यांत ते अगदीच ढ. त्यांच्या उत्तरांना हसता हसता तिचे घास उतरायचे. कधी उतरायचेही नाहीत.

एकदा तिने ताट सरकवलं आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. आई उठायला लागली, तर बाबांनी हातानेच थांबवलं. लेकीच्या ताटावर झाकण ठेवलं आणि स्वतःही जेवायचे थांबले. बऱ्याच वेळाने ती बाहेर आली.

"बाबा, मला भीती वाटते. प्रत्येक घासाला."

"वाटू दे. तिलाही बसव इथे. एक खुर्ची रिकामीच आहे की."

ती हसली, मग रडली, मग थोडं जेवली. आईची नजर घासाघासावर होती. लेक हळूच म्हणाली, "आई, ताटाकडे नको, माझ्याकडे बघ." आईने मान वर केली. मायलेकींनी इतक्या दिवसांत एकमेकींना नीट पाहिलंच नव्हतं.

परवा बाबांची बहीण आली. बसता बसता म्हणाली, "आता कशी छान भरलीस गं!"

आईचा वाढता हात थांबला. लेकीने घास खाली ठेवला. माझ्या कडेवर तिची बोटं घट्ट आवळली गेली.

"आत्या, माझ्या अंगाबद्दल नको बोलूया. तुझं नवं काम कसं चाललंय ते सांग."

आत्या ओशाळली. मग नव्या साहेबाची नक्कल करायला लागली आणि सगळे हसू लागले. त्या हसण्यात लेकीने घास पुन्हा उचलला. कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं.

अजून ती पुरती बरी नाही. काही दिवस जड जातात. तुम्हालाही ताटाची अशी भीती वाटत असेल, तर एकट्याने झुंजू नका, आपल्या माणसाला सांगा. आणि एखाद्या दिवशी उठून गेलात, तरी परत या. उशीर झाला तरी चालेल. आम्ही टेबलं कुठे जात नाही.